मेंढराचं कातडं लोकरीसकट कमावताना

मेंढराचं कातडं लोकरीसकट कमवायचं असेल तर मीठ आधी घरात आणून ठेवा, कातडं नंतर. सोलल्यापासून दोन तासांत मीठ लागलं नाही, तर कोल्हापूरच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात कातडं आतून कुजायला लागतं. वरून काही दिसत नाही, वासही फारसा येत नाही. आठवडाभराने, सगळी मेहनत झाल्यावर, पोटाकडची लोकर मुठीत निघून येते. लोकरीची मुळं धरून ठेवणारा थर जिवाणूंनी तोवर खाल्लेला असतो आणि त्यावर पुढे कसलाच इलाज नाही. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच हात घालावा. पावसाळ्यात तर नकोच. कातडं वाळत नाही, बुरशी मात्र धरते.

आपल्याकडची मेंढरं बहुतेक दख्खनी जातीची. त्यांची लोकर भरड, घोंगडीची. परदेशी कातड्यांसारखी मऊ, दाट गादी तिच्यातून होणार नाही. पण बैठकीला, खुर्चीवर टाकायला फार टिकाऊ वस्तू होते. नुकतं कातरलेलं मेंढरू घेऊ नका, लोकर निदान बोटाच्या दोन पेरांएवढी वाढलेली हवी. खाटकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की सुरी कमी चालवा, हाताच्या मुठीने ढकलत कातडं सोडवा. सुरीचा आतून बसलेला निसटता वार ओल्या कातड्यात दिसत नाही, ताणताना तिथेच भोक पडतं. आणि आपोआप मेलेल्या जनावराचं कातडं कधीच घेऊ नका. फाशी रोग, म्हणजे काळपुळी, अशा कातड्यातून आणि लोकरीतून माणसाला होतो. निरोगी जनावर असलं तरी रबरी हातमोजे घालूनच काम करा.

घरी आणल्याबरोबर कातडं सावलीत, लोकर खाली करून पसरा. चिकटलेलं मांस आणि चरबीचे गोळे हाताने ओढून काढा, मग खडेमीठ चोळा. एका कातड्याला दीड ते दोन किलो लागतं. मान, पायांच्या कडा आणि गुंडाळलेले कोपरे इथे मीठ पोचत नाही, आणि कुजायला सुरुवातही तिथूनच होते. ते कोपरे उलगडून चोळा. एक बाजू उतरती ठेवा म्हणजे सुटलेलं पाणी वाहून जाईल. दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झाडून नवं लावा. आयोडीनचं बारीक मीठ चालतं, पण महाग पडतं आणि लगेच विरघळून वाहून जातं.

तीन-चार दिवसांनी कातडं गार पाण्यात तीन-चार तास भिजवा. पाणी दोनदा बदला आणि दर बदलाला १० लिटरला मूठभर मीठ घाला. आता खरवडणं. गुळगुळीत गोल ओंडक्यावर किंवा जाड पीव्हीसी पाइपावर कातडं टाका आणि बोथट रापीने (चांभाराचं कातडं तासायचं पातं) मानेकडून शेपटीकडे, पुढे ढकलत, आतला पातळ पडदा काढा. धारदार पातं घेतलंत तर कापणारच. पडदा निघाला की नाही हे बोटाला कळतं: असेल तिथे बोट घसरतं, निघालं तिथे कातडं किंचित खरखरीत, पांढरं लागतं. हा पडदा राहिला तर तुरटी आत शिरत नाही. खरवडायला दोन-तीन तास लागतात, घाई करू नका.

मेंढीच्या कातड्यात चरबी फार असते, बकऱ्याच्या मानाने कितीतरी जास्त. ती लोकरीतही असते आणि कातड्याच्या दोन थरांमध्येही. कोमट पाण्यात, म्हणजे हाताला जेमतेम ऊब लागेल इतक्याच, रिठ्याचा फेस करून दोनदा धुवा. भांडी घासायचं पातळ साबण अर्धी वाटी चालेल. लोकर चोळू नका, दाबून सोडत राहा. चोळलेली लोकर जटा धरते. गरम पाणी तर मुळीच नको, कच्चं कातडं त्यात आकसून वळतं.

पुढचं सगळं प्लॅस्टिकच्या पिंपात. लोखंडी घमेलं किंवा ॲल्युमिनिअमचं पातेलं वापरू नका. आम्ल धातू खातं आणि डाग पडतात.

आधी आंबट पाणी. १० लिटर पाण्यात १ किलो मीठ पूर्ण विरघळवा, मग १०० ग्रॅम लिंबूसत. हा क्रम पाळा. मिठाआधी आम्ल गेलं तर कातडं पाणी पिऊन जेलीसारखं फुगतं आणि नंतर कमकुवत राहतं. पीएच पट्टीवर (आंबटपणा मोजायची कागदी पट्टी, आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट) आकडा ३ च्या खाली हवा. एक दिवस ठेवा, दोन-चारदा हलवा. कातडं पाण्यावर तरंगू देऊ नका, ताटलीवर पाण्याची बाटली ठेवून बुडवा.

मग तुरटी. नव्या १० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम तुरटी (आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून, गार करून) आणि ७०० ग्रॅम मीठ. कातडं यात दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ४० ग्रॅम धुण्याचा सोडा १ लिटर पाण्यात विरघळवा, त्याचे चार भाग करा आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने एकेक भाग ढवळत बारीक धारेने सोडा. कातडं तेव्हा बाजूला सरकवून धरा. सोडा पडला की फेस येतो. पाणी दुधासारखं पांढरं होऊन तसंच राहिलं तर थांबा, सोडा जास्त झाला. पीएच ४ च्या आसपास आला की पुरे. या सोड्यामुळेच तुरटी तंतूंना घट्ट धरते. नुसत्या मीठ-तुरटीचं कातडं पहिल्या ओलीतच पुन्हा कच्चं होतं. आणखी एक दिवस ठेवा. मग मानेजवळच्या जाड भागातून नखाएवढा तुकडा कापून काप बघा. आरपार पांढरा दिसला पाहिजे. मध्ये करडी, काचेसारखी रेघ दिसली तर अजून एक दिवस.

इथे बहुतेकांना बाभळीची साल आणि हिरडा आठवतो, कारण कोल्हापुरी चपलेचं चामडं त्यांच्यावरच कमावतात. लोकरीच्या कातड्याला ते पाणी पिंपात देऊ नका, पांढरी लोकर तांबूस-तपकिरी होते. काळी लोकर असेल तर हरकत नाही. वाटलं तर कमावून झाल्यावर हिरड्याचा काढा फक्त आतल्या बाजूला ब्रशने लावा, तेवढाही पाण्याला थोडा आडोसा होतो.

पिंपातून काढलेलं कातडं बांबूवर एक रात्र टाकून ठेवा, मग गार पाण्यातून एकदाच बुचकळून पिळा. आता तेल. अंड्याचे दोन बलक, ६० मिली टर्की रेड ऑइल (पाण्यात मिसळेल असं प्रक्रिया केलेलं एरंडेल) आणि वाटीभर कोमट पाणी फेटा आणि फक्त आतल्या बाजूला चोळा. टर्की रेड ऑइल मिळालं नाही तर साधं एरंडेल चालेल. जवस आणि करडईचं तेल नको, ते हवेत सुकून घट्ट होतं. आतली बाजू आतल्या बाजूवर दुमडून रात्रभर ठेवा.

कातड्याचा मऊपणा खरा ठरतो तो यापुढच्या दिवसात. कातडं सावलीत, वाऱ्यावर टांगा आणि दर दोन तासांनी हात लावून बघा. कडा ताठ व्हायला लागल्या, पण मधलं अजून गार लागतंय, अशा वेळी उतरवा. दोन्ही हातांनी ताणलं की करडा, ओला रंग जाऊन तिथे मखमलीसारखा पांढरा पट्टा उमटतो. तो उमटला की वेळ बरोबर साधली. मग पाटाच्या किंवा खुर्चीच्या पाठीच्या कडेवर आडवं, उभं, तिरकं घासत ओढा, थोडं वाळू द्या, पुन्हा ओढा. पूर्ण कोरडं होईपर्यंत असं पाच-सहा वेळा. वेळ चुकली आणि पापडासारखं कडक झालं तर घाबरू नका: ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा सुरू करा. पाण्यात बुडवू नका. शेवटी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आतली बाजू घासा आणि लोकर तारेच्या ब्रशने टोकाकडून मुळाकडे विंचरा.

उरलेलं मीठ-तुरटीचं पाणी उसाच्या रानात, ओढ्यात किंवा पंचगंगेत ओतू नका. मिठाने जमीन खराब होते. भरपूर पाणी मिसळून थोडं थोडं गटारात सोडा. खरवडलेली चरबी विहिरीपासून लांब, गुडघाभर खड्ड्यात चुना टाकून पुरा, नाहीतर कुत्री उकरतात.

तयार कातडं कधीच पाण्यात धुऊ नका. डाग पडला तर ओल्या फडक्याने लोकरच पुसा. पावसाळ्यात गुंडाळून पेटीत बंद न करता वाऱ्याला टांगून ठेवा. कसर लागू नये म्हणून अधूनमधून झटका आणि महिन्यातून एकदा उघडीप मिळाली की लोकरीची बाजू तासभर उन्हाला द्या.