टिंडल शिकवायचे तर आधी वर्गात अंधार करा

नववीच्या वर्गात एकोणिसाव्या शतकातले भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल शिकवताना मी सनावळीने सुरुवात करत नाही. आधी खिडक्यांना जाड चादरी लावते. काचेच्या उंच ग्लासात पाणी घ्या, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च लावा. स्वच्छ पाण्यात प्रकाशाची वाट जेमतेम दिसते. आता दुधाचा एकच थेंब टाकून ढवळा, वाट उजळेल. थेंबाथेंबाने वाढवा. बाजूने पाहिलं तर निळसर छटा, दुधाळ पाण्यातून टॉर्चच्या दिशेने पाहिलं तर पिवळट-नारिंगी. घाई नको, दूध जास्त झालं की सगळंच पांढरं.

मुलांनी "असं का?" विचारलं की सांगा: दुधाचे बारीक कण प्रकाश विखुरतात, यालाच टिंडल परिणाम म्हणतात. मग माणूस सांगा. १८२० मध्ये आयर्लंडच्या कार्लो परगण्यात जन्म, तरुणपणी जमिनीची आणि रेल्वेमार्गांची मोजणी, नंतर जर्मनीत मारबुर्गला उच्च शिक्षण, १८५३ पासून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक. १८५९ मध्ये त्यांनी नळीत वायू भरून तपासलं: ऑक्सिजन, नायट्रोजन उष्णता जवळजवळ अडवतच नाहीत, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मात्र शोषून घेतात. आजची तापमानवाढ समजायला हेच लागतं, म्हणून यावर अख्खा तास द्या. १८६१ ची त्यांची आल्प्समधल्या वाइसहॉर्न शिखराची पहिली चढाई शेवटच्या पाच मिनिटांत सांगितली तरी चालते.