बाप-मुलाच्या रडवणाऱ्या चित्रपटाची समीक्षा कशी वाचावी

बाप आणि मुलगा यांच्या नात्यावरचा एखादा चित्रपट पाहून प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतात आणि दुसऱ्या दिवशीच्या परीक्षणात मात्र त्याला 'भावविवश' म्हटलेले असते. अशा वेळी समीक्षकाला काळीजच नाही असे म्हणून मोकळे होऊ नये. त्याने दिलेला शेरा आणि त्यामागचे कारण आधी वेगळे करावे. 'भावविवश' हा नुसता शेरा आहे. कोणता प्रसंग, कोणता संवाद किंवा पार्श्वसंगीताचा कोणता तुकडा आपल्याकडून रडू वसूल करतो, हे जो दाखवून देतो त्याचेच परीक्षण गांभीर्याने घ्यावे.

यासाठी 'द चॅम्प'चे उदाहरण उपयोगी पडते, कारण व्यसनात बुडालेला मुष्टियोद्धा आणि त्याच्यावर जीव टाकणारा त्याचा लहानगा मुलगा ही एकच कथा दोनदा पडद्यावर आली. किंग विडॉर यांच्या १९३१ च्या चित्रपटाने दोन ऑस्कर मिळवले: वॉलेस बीरी यांना अभिनयासाठी, फ्रेडरिक मार्च यांच्याबरोबर विभागून, आणि फ्रान्सिस मॅरियन यांना मूळ कथेसाठी. फ्रँको झेफिरेली यांनी १९७९ मध्ये तीच कथा पुन्हा केली, तेव्हा अनेक समीक्षकांना ती अतिभावुक वाटली. म्हणून परीक्षण वाचताना त्याचे साल अवश्य पाहावे.

रडू आले म्हणजे चित्रपट चांगला, हे समीकरणही सोडून द्यावे. झेफिरेली यांच्या चित्रपटातला बापाच्या मृत्यूचा, सुमारे तीन मिनिटांचा प्रसंग मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत दुःखाची भावना जागवण्यासाठी वापरला. ग्रॉस आणि लेव्हन्सन यांच्या १९९५ च्या अभ्यासात तो या कामी विशेष प्रभावी ठरला. कथेची फारशी ओळख नसतानाही जो प्रसंग रडवतो, त्याची ताकद मोठीच आहे. पण ते श्रेय संपूर्ण चित्रपटाचे मानावे का, हा समीक्षकाचा प्रश्न रास्त आहे.

सर्वांत जास्त लक्ष मात्र मुलाच्या भूमिकेविषयी काय लिहिले आहे त्याकडे द्यावे, कारण अशा चित्रपटाची खरी कसोटी तिथेच लागते. चोरीला गेलेली सायकल शोधत फिरणाऱ्या बाप-मुलाच्या गोष्टीवर, व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९४८ च्या 'बायसिकल थीव्ह्ज' या इटालियन चित्रपटावर, फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी लिहिलेला लेख याबाबतीत आदर्श आहे. बापाच्या धडपडीला नैतिक अर्थ येतो तो मुलगा सोबत असल्यामुळे, हे त्यांनी नेमके हेरले. शिवाय बापाच्या लांब ढांगा आणि त्याच्यामागे दुडदुडणारी मुलाची पावले यांचा मेळ साधण्यासाठी दे सिकांनी मुलाची निवड त्याच्या चालीवरून केली, हेही त्यांनी नोंदवले. 'मुलगा गोड आहे' एवढेच सांगणाऱ्या परीक्षणात आणि या निरीक्षणात किती अंतर आहे, ते पाहावे.

शेवटी, प्रसंग नव्हे तर संगीतच रडवते हा आक्षेप स्वतः पडताळून घ्यावा. 'बायसिकल थीव्ह्ज'लाही अलेस्सांद्रो चिकोन्यीनी यांचे बरेच हळवे संगीत आहे. शेवटचा प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पाहावा: सायकल चोरताना पकडला गेलेला बाप गर्दीतून रडत चालला आहे, आणि मुलगा वर पाहत आपला हात त्याच्या हातात देतो.