उन्हात बसवून व्यक्तिचित्र टिपण्याची डेव्हिड हिलची रीत

स्कॉटलंडमधील निसर्गचित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल (१८०२–१८७०) छायाचित्रणाकडे वळला तो एका अडचणीपोटी. मे १८४३ मध्ये तेथील चर्चमध्ये फूट पडून चारशेहून अधिक धर्मोपदेशक बाहेर पडले आणि त्या प्रसंगाचे भव्य चित्र रंगवण्याचे हिलने मनावर घेतले; परंतु शेकडो माणसांना एकेक करून समोर बसवून त्यांचे चेहरे रेखाटणे अशक्य होते. तेव्हा वैज्ञानिक डेव्हिड ब्रूस्टर यांनी रॉबर्ट अ‍ॅडमसन या तरुण छायाचित्रकाराशी त्याची गाठ घालून दिली. कागदी निगेटिव्हच्या कॅलोटाइप प्रक्रियेचे तंत्र अ‍ॅडमसनचे आणि मांडणी हिलची, अशा भागीदारीत सुमारे तीन हजार छायाचित्रे तयार झाली. १८४८ मध्ये अ‍ॅडमसनचे अकाली निधन झाले. मूळ चित्र १८६६ मध्ये पुरे झाले खरे, पण माझ्या मते त्या दाटीवाटीच्या चित्रापेक्षा त्याच्या तयारीसाठी टिपलेले चेहरेच कितीतरी सरस आहेत.

उन्हात बसवून चेहरे टिपण्याची ही रीत आजच्या कॅमेऱ्याने नाशिकमध्येही साधता येते, मात्र त्यासाठी आधी सावली मांडावी आणि मग माणूस बसवावा. हिलने चित्रकार म्हणून चौकटीतील मोठा भाग गडद ठेवला आणि चेहरा, हात व एखादे पुस्तक एवढ्यावरच उजेड येऊ दिला. गोदाघाटाच्या काळ्या बेसॉल्टच्या भिंती, जुन्या नाशकातील वाड्याचे दगडी जोते किंवा काळपट पडलेले सागवानी खांब ही पार्श्वभूमी त्यासाठी उत्तम. चुन्याची पांढरी भिंत टाळावी. दुसरी जागाच नसेल, तर गडद घोंगडी टांगावी. एडिनबरोतील रॉक हाऊस या घराबाहेर, उघड्या उन्हात, टेबल, खुर्ची आणि पडदा मांडून खोलीचा आभास निर्माण करण्याची युक्ती या दोघांनीही वापरली होती.

वेळेचा हिशोब मात्र आपला आपणच करावा लागतो. एडिनबरो ५६ अक्षांशावर असल्याने भर उन्हाळ्यातही तेथील दुपारचा सूर्य क्षितिजापासून ५७-५८ अंशांवरच राहतो. नाशिक २० अक्षांशावर असल्याने मे महिन्यात तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि भुवयांची सावली डोळ्यांत उतरते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सूर्य ४६-५२ अंशांवर असताना भर दुपारी, तर उन्हाळ्यात सकाळी पावणेनऊ ते साडेनऊच्या सुमारास काम करावे. वाड्याच्या चौकात आणखी एक पेच असतो: सूर्य ४५ अंशांवर असेल, तर चौक जितका रुंद तितक्याच खोलीपर्यंत ऊन पोहोचते, त्यामुळे अरुंद दुमजली चौकात ते समोरच्या भिंतीवरच अडते. अशा वेळी सरळ गच्ची गाठावी.

बैठकीसाठी घाई करू नये, कारण कॅलोटाइपला बराच वेळ प्रकाश द्यावा लागे आणि तोवर माणूस स्थिर राहावा म्हणून हिल त्याला खुर्चीचा, टेबलाचा किंवा स्वतःच्याच हाताचा आधार देत असे; त्या आधारातूनच त्याच्या चित्रांना निवांतपणा आला. आजी-आजोबांना ताठ बसवून ‘हसा’ म्हणण्याऐवजी कोपर टेकायला पाट किंवा तक्क्या द्यावा, हातात पोथी किंवा अडकित्ता द्यावा आणि नजर त्या वस्तूकडे ठेवायला सांगावे, म्हणजे उन्हाने डोळेही मिचकावले जात नाहीत. तांबट लेनमधील कारागीर असतील, तर हातोडी आणि घडते भांडे पुरेसे आहे. एडिनबरोजवळच्या न्यूहेवन या कोळीवाड्यातील कोळणींना हिलने त्यांच्या टोपल्यांसह टिपले होते. एकाहून अधिक माणसे असतील, तर ओळीत उभी न करता त्यांची डोकी वरखाली आणि एकमेकांकडे झुकलेली ठेवावीत. सावलीच्या बाजूची हनुवटी अगदीच काळी पडत असेल, तर मांडीवर पांढरे धोतर पसरावे. खालून परतणारा तेवढा उजेड पुरतो.

तिपाईवरील कॅमेऱ्याने लांब एक्स्पोजर घ्यायचे असेल, तर उघड्या उन्हाऐवजी सावलीतील उजेडात आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, भिंगाचे छिद्र एफ १६ आणि सहा स्टॉपचा, म्हणजे उजेड ६४ पटींनी कमी करणारा, एनडी फिल्टर ठेवल्यास सुमारे चार सेकंद मिळतात. मोबाइल असेल, तर हा खटाटोप सोडून द्यावा, पण माणसाला तेवढाच वेळ स्थिर बसवावे.

कॅलोटाइपचा कागद निळ्या उजेडाला संवेदनशील आणि लाल उजेडाला जवळजवळ आंधळा होता. त्यामुळे संगणकावर किंवा मोबाइलवर छायाचित्र कृष्णधवल करताना लाल रंगाची सरकपट्टी खाली आणि निळ्याची वर न्यावी. लाल नऊवारी काळीभोर होईल, निळा फेटा उजळेल आणि चेहऱ्यावरील सुरकुत्या ठळक होतील. ज्यांना त्या नको असतील त्यांना आधीच विचारलेले बरे. त्वचा गुळगुळीत करणारी सोय पूर्णपणे बंद ठेवावी; मऊपणा हवा तो कागदाच्या पोतातूनच यावा, कारण कागदाच्या तंतूंमुळे तपशील किंचित विरघळतो, हेच हिलला या प्रक्रियेचे बलस्थान वाटत होते.

छपाई चकचकीत कागदावर करू नये. खरबरीत पोताचा, चकाकी नसलेला सुती कागद घ्यावा, छटा किंचित तांबूस तपकिरी ठेवावी आणि आकार साधारण २० बाय १५ सेंटिमीटर ठेवावा. निगेटिव्ह कागदाला भिडवूनच छापत असल्याने हिल-अ‍ॅडमसनच्या बहुतेक प्रती याच सुमाराच्या आहेत, आणि हातात धरून पाहण्यासाठी हा आकार सोयीचा पडतो.