लेखक येण्याआधीचे सहा आठवडे

वाचनालयात लेखकाचा पहिला कार्यक्रम ठेवला तेव्हा मी साठ खुर्च्या मांडल्या होत्या. आले नऊ जण. त्यातले दोघे पुस्तक बदलायला आलेले, भिडेखातर बसले. लेखिका दारातून आत आल्या, रिकाम्या रांगांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "आपण जरा जवळ बसू या का?" पुढे गप्पा छान झाल्या, पण तेव्हा पोटात आलेला गोळा मी विसरले नाही. दुसऱ्या दिवशी नोंदवही काढून बसले. त्यांची आमच्याकडे दोनच पुस्तकं होती. एक बांधणीला गेलेलं, दुसरं चार महिन्यांत कोणी हातातही घेतलेलं नव्हतं. ज्यांचं आपण काही वाचलेलंच नाही, त्यांना ऐकायला संध्याकाळ मोडून कोण येईल?

तेव्हापासून माझा कार्यक्रम सहा आठवडे आधी देवघेव विभागात सुरू होतो. तारीख पक्की झाली की लेखकाच्या मुख्य पुस्तकाच्या चार-पाच जादा प्रती घ्यायच्या आणि त्या एका आठवड्याच्या मुदतीने द्यायच्या. पाच प्रती सहा आठवडे फिरल्या तर तीस घरांत जातात. प्रत्येक प्रतीत कार्यक्रमाची तारीख आणि वेळ छापलेली खूणपट्टी ठेवायची. भिंतीवरचं पोस्टर लोक येता-जाता बघतात, खूणपट्टी आठवडाभर त्यांच्या बोटांत असते. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, मला परीक्षेपुरता पाठ होता. त्याचा अर्थ कळला तो या खूणपट्ट्या वाटताना.

तारीख निवडताना 23 एप्रिल टाळा. युनेस्कोने 1995 मध्ये तो जागतिक पुस्तक दिन ठरवला आणि त्या दिवशी जो तो लेखक शोधत असतो. पुढचा आठवडा घ्या. लेखकही निवांत असतात, वाचकही.

निमंत्रणाचं पत्र लिहिताना गोड बोलण्यापेक्षा खरं बोलावं. किती वेळाचा कार्यक्रम, साधारण किती माणसं येतील (चाळीस येत असतील तर चाळीसच लिहा, "भरगच्च प्रतिसाद" नको), मानधन किती, प्रवासखर्च कोण देणार, ध्वनिमुद्रण होणार का, पुस्तकं विक्रीला असतील का, हे सगळं पहिल्याच पत्रात. मानधन देता येत नसेल तर तेही पहिल्याच पत्रात. शेवटच्या दिवशी लेखकाने संकोचून विचारायचं आणि आपण खाली बघायचं, हा प्रसंग मी एकदा ओढवून घेतला आहे. याच पत्रात तीन ओळींचा परिचय त्यांच्याकडूनच मागवा आणि नावाचा उच्चार विचारून ठेवा. स्वतःच्या घरात बोलावून पाहुण्याचं नाव चुकवण्याइतकं लाजिरवाणं काही नाही. आणखी एक मागणं मी हमखास करते: तुमची स्वतःची आवडती पाच पुस्तकं कळवा. ती आमच्याकडे असतील तर लेखकाच्या पुस्तकांशेजारी मांडून ठेवते. लोक आधी त्यांच्यावरच झडप घालतात.

मुलाखत घेणारा माणूस नामवंत नसला तरी चालेल, पुस्तक पूर्ण वाचलेला हवा. आमच्याकडे हे काम बहुतेकदा एखादा सभासदच करतो. त्याला मी एवढंच सांगते की "लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली" हा प्रश्न विचारायचा नाही. त्याचं उत्तर लेखकाने शंभर वेळा दिलेलं असतं आणि एकशे एकाव्या वेळी ते त्याच चालीत येतं. पान उघडून विचारावं. अमुक प्रकरणात ही बाई अचानक गप्प का होते? लेखक खुर्चीत सावरून बसतो तो अशा प्रश्नाला.

वेळेचा हिशेब माझा ठरलेला आहे: एकूण एक तास. पाच मिनिटं स्वागत आणि परिचय, पंधरा मिनिटं वाचन, वीस मिनिटं गप्पा, वीस मिनिटं प्रश्न. लांबतं ते वाचन. सावकाश, ऐकणाऱ्याला कळेल असं वाचलं तर मिनिटाला साधारण 120 शब्द होतात, म्हणजे पंधरा मिनिटांत अठराशे. लेखक आणतात तो उतारा बहुधा याच्या दुप्पट असतो. त्यांना आधीच शब्दसंख्या कळवावी आणि मधले परिच्छेद गाळायला सांगायची भीड बाळगू नये. चार्ल्स डिकन्स 1858 पासून पैसे घेऊन आपल्या पुस्तकांची जाहीर वाचनं करू लागला. त्यासाठी त्याने वेगळ्या प्रती ठेवल्या होत्या, काटछाट केलेल्या, समासात खुणा केलेल्या. त्याला ते करावं लागलं, तर आपल्या पाहुण्यांनी राग मानायचं कारण नाही. (मुलांचा कार्यक्रम चाळीस मिनिटांत संपवा. त्यानंतर मुलं लेखकाकडे नाही, दाराकडे बघतात.)

खुर्च्यांचं मी आता उलटं करते. पंचवीस मांडायच्या, अर्धवर्तुळात, बाकीच्या बाजूला रचून ठेवायच्या. माणसं वाढली की खुर्च्या आणाव्या लागतात आणि खोलीला आपोआप उत्साह येतो. लेखकाची जागा दारासमोरच्या भिंतीकडे ठेवा, म्हणजे उशिरा येणारा मागून गुपचूप बसू शकतो. दार लेखकाच्या पाठीशी असलं की येणारा प्रत्येक जण वाचन मोडतो.

माईकबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त माती तिथेच होते. "हॅलो, हॅलो" म्हणून तपासणी होत नाही. एकाला पुढे बसवून पुस्तकाचं अख्खं पान वाचायला लावायचं आणि आपण शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकायचं. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, भरलेल्या खोलीत तो माणसं पिऊन टाकतात. तेव्हा रिकाम्या खोलीत थोडा मोठा वाटेल इतका ठेवा. बॅटऱ्या नव्या घाला, जुन्या "अजून चालतात" असं कोणी म्हणालं तरी. प्रेक्षकांसाठी दुसरा माईक असावा आणि तो आपल्या स्वयंसेवकाच्या हातात राहावा. तो प्रश्नकर्त्याच्या तोंडाशी धरायचा, हातात द्यायचा नाही. हातात गेला की प्रश्नाचं भाषण होतं, आणि भाषणानंतर स्वतःची कविता येते.

"आता कोणाला काही विचारायचं आहे?" यानंतरची शांतता सगळ्यांना छळते. मी आठवडाभर आधी देवघेव विभागात एक डबा आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवते. नाव घालायची सक्ती नाही. एकदा पेन्सिलीने लिहिलेली, चार घड्या घातलेली चिठ्ठी निघाली: "पान 84 वरची बंद खोली शेवटी कोणी उघडली? मी दोनदा वाचलं, सापडलं नाही." कादंबरीकार आधी हसले, मग त्यांनी स्वतःची प्रत उघडून पानं चाळली आणि म्हणाले, "कोणीच नाही. माझ्या लक्षातच राहिली नाही ती खोली." पुढची वीस मिनिटं सगळी सभा त्या खोलीत होती. चिठ्ठी लिहिणारी व्यक्ती कोण, ते मला आजही ठाऊक नाही, पण तिसऱ्या रांगेत कोणीतरी फार ताठ बसलं होतं.

पुस्तकविक्री विक्रेत्याकडेच सोपवा. सुटे पैसे, उरलेल्या प्रती, पावत्या, सगळं त्याचं. स्वाक्षरीच्या रांगेत प्रत्येकाला एक कागदाचा कपटा देऊन नाव लिहून आणायला सांगा, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ विचारण्यात वेळ जात नाही. टेबल दारात नको, रांग बाहेर जाणाऱ्यांना अडवते. वाचनालयाच्या प्रतीवर मात्र स्वाक्षरी घेऊन ती देवघेवीत ठेवू नका. आमची पहिली स्वाक्षरीची प्रत तिसऱ्या वाचकाकडून परत आलीच नाही. दंड भरायला तो हसत आला! आता अशा प्रती संदर्भ विभागात कुलपात असतात.

चित्रीकरण करून इंटरनेटवर टाकायचं असेल तर लेखी परवानगी घ्या, आणि वाचलेल्या उताऱ्यासाठी वेगळी विचारा, कारण त्याचे हक्क कधी लेखकाकडे असतात, कधी प्रकाशकाकडे. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नाहीत.

आभार मी दोन वाक्यांत मानते आणि पाहुण्यांना दारापर्यंत सोडून लगेच देवघेव विभागात जाऊन बसते. कार्यक्रमाच्या दिवशी तो अर्धा तास जास्त उघडा ठेवायचा. मांडणीवरची पुस्तकं तेव्हाच जातात, दुसऱ्या दिवसापर्यंत मन थंडावतं. मागच्या खेपेला शेवटची प्रत एका आजोबांनी मागितली. त्यांच्या मागे एक शाळकरी मुलगी उभी होती, तिलाही तीच हवी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, प्रत तिला दिली आणि मला म्हणाले, "माझं नाव मागणीत लिहा. आणि हिला सांगा, आठ दिवस म्हणजे आठ दिवस."