तारायानातून भूगर्भातील तुकडीशी संपर्क: विज्ञानकथेसाठी यंत्रणा कशी रचावी

यान ग्रहाभोवती फिरत आहे, तुकडी दोन किलोमीटर खोल उतरली आहे आणि तरीही कप्तानाचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा स्पष्ट ऐकू येतो, असे लिहिले की कथेतला सर्वांत मोलाचा ताण लेखकाने आपल्याच हाताने घालवलेला असतो. काल्पनिक यंत्रणेला भारदस्त नाव देऊन खडकाचा अडसर दूर सारू नये. तो अडसर ओलांडण्यासाठी वेग, वजन किंवा शब्द यांपैकी काय गमवावे लागते, हे आधी ठरवावे.

सुरुवात यंत्रापासून नव्हे, तर खडकापासून करावी. रेडिओलहर खडकात किती खोल जाईल, हे मुख्यतः खडकाची विद्युतवाहकता आणि लहरीची वारंवारता यांवर अवलंबून असते. साधारण ओलसर जमिनीचा विद्युतरोध १०० ओहम-मीटर धरला, तर १००० हर्ट्झची लहर सुमारे १६० मीटर खोलीवर मूळ आयामाच्या (आंदोलनाच्या उंचीच्या) ३७ टक्क्यांवर येते. वारंवारता १० हर्ट्झपर्यंत खाली आणली, तर हीच खोली सुमारे १६०० मीटर होते. मात्र त्याच खडकात खारे पाणी मुरलेले असेल आणि रोध १ ओहम-मीटरवर आला असेल, तर १० हर्ट्झची लहरही पुन्हा १६० मीटरवरच अडखळते. याउलट कोरडा खडक आणि बर्फ पुष्कळ उदार असतात. १९७२ मध्ये अपोलो १७ च्या यानावरील रडारने चंद्राच्या कक्षेतून पृष्ठभागाखालच्या थरांचे प्रतिध्वनी टिपले होते, आणि मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स एक्सप्रेसवरील रडार ध्रुवीय बर्फाच्या एक किलोमीटरहून अधिक जाड थरांच्या तळापर्यंत पोहोचते. म्हणून कथेतला ग्रह कोरडा आहे की पाणथळ, हे पहिल्याच प्रकरणात सांगून टाकावे. पुढे तुकडीच्या वाटेत खाऱ्या पाण्याचा थर आला आणि संपर्क तुटला, तर वाचकाला तो योगायोग वाटणार नाही.

त्यानंतर यान आणि तुकडी यांच्यामध्ये पृष्ठभागावर एक चौकी उभी करावी. अतिनीच वारंवारतेची लहर थेट कक्षेतून पाठवणे दोन कारणांनी जमत नाही. ग्रहाला वातावरण असेल, तर त्याचा आयनांबर, म्हणजे विद्युतभारित कणांचा वरचा थर, अशा लहरी सहसा अडवतो. शिवाय १०० हर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी ३००० किलोमीटर असल्याने तिला साजेसा अँटेना यानावर मावत नाही. अमेरिकी नौदलाने पाणबुड्यांसाठी ७६ हर्ट्झवर चालवलेली यंत्रणा २००४ मध्ये बंद झाली. तिच्या तारा विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांत मिळून सुमारे १३५ किलोमीटर पसरल्या होत्या, आणि तेथील खडक वीज फार कमी वाहून नेतो म्हणूनच ती जागा निवडलेली होती. कथेतल्या चौकीने यानाशी नेहमीच्या उच्च वारंवारतेवर बोलावे, आणि जमिनीवर अंथरलेल्या तारेच्या मोठ्या वेटोळ्यातून खाली नीच वारंवारतेचा संदेश सोडावा.

यातली विषमता लेखकाने आवर्जून वापरावी. तिच्याइतके नाट्य या विषयात दुसऱ्या कशातही नाही, असे मला वाटते. पाणबुडीला ७६ हर्ट्झवर फक्त ऐकता येत असे, उलट बोलता येत नसे. भूगर्भातील तुकडीलाही किलोमीटरभर तार आणि तिला पुरेल इतकी वीज सोबत नेता येणार नाही. वरून आलेला आदेश खाली पोहोचला की नाही, हे वरच्यांना बराच काळ कळत नाही, आणि खालच्यांना शंका विचारण्याची सोय नसते.

मध्ये चौकी नकोच असेल, तर न्यूट्रिनोंचा पर्याय आहे. हे कण खडकातून जवळजवळ न अडता जातात. १९६५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या होत्या. २०१२ मध्ये अमेरिकेतील फर्मिलॅब या भौतिकी प्रयोगशाळेत न्यूट्रिनोंच्या झोताने एक शब्द सुमारे एक किलोमीटर अंतरावर पाठवण्यात आला. वाटेत २४० मीटर खडक होता आणि वेग होता सेकंदाला ०.१ बिट. हे गणित मराठीत करून पाहावे. एका बिटाला, म्हणजे शून्य किंवा एक एवढ्याच माहितीला, दहा सेकंद लागतात; पाच बिटांत ३२ चिन्हेच बसतात आणि देवनागरीची चिन्हे त्याहून अधिक असल्याने प्रत्येकाला किमान सहा बिट द्यावे लागतात, म्हणजे एका चिन्हाला एक मिनिट. ‘पाणी आले’ एवढे सांगायला मात्रा आणि मोकळी जागा धरून आठ मिनिटे जातात, आणि पाणी तेवढे थांबत नाही. शिवाय फर्मिलॅबमध्ये न्यूट्रिनो टिपणारा ग्राहक कित्येक टन वजनाचा होता. तो हातात मावेल इतका लहान करण्याची कल्पना लेखकाने खुशाल करावी, पण मग वेग तोच ठेवावा. दोन्ही सवलती एकदम घेऊ नयेत.

वेग इतका कमी असल्याने तुकडीकडे संकेतवही हवीच. ‘परत फिरा’, ‘जागेवर थांबा’, ‘दुसरी वाट धरा’ असे नेमके आदेश प्रत्येकी एका चिन्हात बसवावेत. वहीत नसलेला प्रसंग उद्भवला की काय होते, यावरच एक प्रकरण सहज उभे राहते.

शेवटी, सगळी यंत्रे बंद पडल्यावरची सोय लिहावी. ध्वनीची लहर कठीण खडकातून सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर वेगाने जाते, त्यामुळे हातोडाही संपर्कसाधन ठरतो. अमेरिकेतील कोळसा खाणकामगारांना दिलेली सूचना येथे जशीच्या तशी उपयोगी पडते: वरून तीन धडाके ऐकू आले की छतावर जोराने दहा ठोके द्यावेत, पंधरा मिनिटे विसावा घेऊन पुन्हा ठोके द्यावेत, आणि पाच धडाके ऐकू आले की आपला ठावठिकाणा लागला असून मदत निघाली आहे, असे समजावे. कथेत हे धडाके चौकीने करावेत, ठोके टिपणारे भूकंपमापक आधीच पृष्ठभागावर विखरून ठेवलेले असावेत, आणि त्यांच्या नोंदींवरून जागा काढण्याचे काम यानावरच्या संगणकाकडे द्यावे.