रोजचं चालणं व्यायामात धरायचं का, आणि धरायचं तर कसं

घरापासून स्टेशन, मग दादरचा ब्रिज, तिथून ऑफिस, संध्याकाळी परत तेच, आणि रात्री फोन सांगतो आठ हजार स्टेप्स झाल्या. आता हे कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये वर्कआउट म्हणून टाकायचं का? माझं मत विचाराल तर सगळं टाकू नका, पण सगळं सोडूनही देऊ नका.

आधी ॲपमध्ये ॲक्टिव्हिटी लेव्हल काय निवडलीय ते बघा. 'लाइटली ॲक्टिव्ह' असेल तर येणं-जाणं, भाजी आणणं, जिने चढणं हे सगळं त्यात आधीच धरलेलं असतं (नुसतं पडून राहिलं तरी शरीर ज्या कॅलरी जाळतं, त्यांना बैठ्या कामाला, म्हणजे 'सेडेंटरी'ला, साधारण १.२ ने गुणतात, लाइटलीला १.३७५ ने), आणि वर तेच चालणं तुम्ही परत वॉक म्हणून टाकलंत की त्याच कॅलरी दोनदा मोजल्या जातात, मग वजन हलत नाही आणि शिव्या खातं बिचारं डाएट. त्यामुळे एक तर सेडेंटरी ठेवून चालणं वेगळं टाका, नाहीतर लाइटली ठेवा आणि रोजचं चालणं टाकूच नका. स्टेप्स आपोआप सिंक होत असतील तर हाताने अजिबात टाकायचं नाही.

आता व्यायाम म्हणून कुठलं धरायचं? पंधरा सेकंद पावलं मोजा, पंचवीसच्या आसपास आली म्हणजे मिनिटाला शंभर, तर ते मध्यम व्यायामात बसतं. मोजायचा कंटाळा असेल तर बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही एवढा दम लागायला हवा. ब्रिजवरच्या गर्दीतून सरकणं यात येत नाही, तिथे घाम आला तरी तो मुंबईचा. पण ट्रेन पकडायला सात मिनिटं झपझप चाललात तर ती बिनधास्त धरा, कारण सलग दहा मिनिटं हवीतच ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या गाइडलाइनमध्ये काढून टाकली. आठवड्याला अशी किमान १५० मिनिटं झाली पाहिजेत, स्टेप्सपेक्षा हा आकडा बघा. दहा हजारचं टार्गेट तर १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पेडोमीटर विकायला वापरलेलं, त्यामुळे साडेसात हजारावर दिवस संपला म्हणून रात्री हॉलमध्ये फेऱ्या मारायची गरज नाही.

कॅलरीच्या आकड्यावर मात्र जेवण ठरवू नका. ७० किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर साधारण १२० कॅलरी दिसतात, पण त्यातल्या पस्तीसेक तो नुसता खुर्चीत बसला असता तरी जळल्याच असत्या, म्हणजे खरी कमाई ऐंशी-नव्वदची, तेवढ्यात अख्खा वडापाव काही बसत नाही.

आणि मिनिटं पूर्ण झाली तरी आठवड्यातून दोन दिवस स्क्वॉट, पुशअप किंवा वजनं असं काहीतरी वेगळं करावंच लागतं, ते चालण्याच्या खात्यात टाकता येत नाही.