26/11 चे इशारे वाचताना: सुरक्षा-विश्लेषणात नव्याने येणाऱ्यांसाठी

संरक्षण व सामरिकशास्त्रात एमए करताना प्रबंधासाठी मी 26/11 पूर्वी मिळालेले इशारे हा विषय घेतला होता. पहिला मसुदा तीन आठवड्यांत लिहून काढला. सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि सगळे झोपले होते, असा त्याचा सूर. सरांनी तो वाचून परत दिला. म्हणाले, "तू शेवट माहीत असल्यासारखं लिहितेयस. 26 नोव्हेंबर डोक्यातून काढ आणि पुन्हा बस." त्यानंतरचं अख्खं वर्ष त्यातच गेलं. आज मी एका कंपनीच्या सुरक्षा विभागात विश्लेषक आहे. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं सुरुवात कुठून करू असं विचारतात, तेव्हा मी त्यांनाही त्याच कामाला बसवते.

हल्ल्यानंतर राज्य सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीत माजी केंद्रीय गृहसचिव प्रधान आणि 'रॉ'मधले निवृत्त अधिकारी वाप्पला बालचंद्रन असे दोघे होते. ऑगस्ट 2006 पासून आलेले एकूण 26 इशारे समितीपुढे होते. त्यातले 6 समुद्रमार्गे हल्ल्याचे, 11 एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ल्यांचे, 3 फिदायीन, म्हणजे आत्मघाती हल्ल्याचे. हे आकडे एका दमात वाचले की डोकं तापतं. माझंही तापलं होतं.

मग मी पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या कापल्या. उघड झालेल्या मजकुरात सापडलेला प्रत्येक इशारा एकेका चिठ्ठीवर तारखेसह लिहिला. त्यांच्या मध्ये त्याच काळात देशात घडलेलं सगळं घातलं: जयपूर, बंगळूर, अहमदाबाद, दिल्लीचे स्फोट. खोलीच्या फरशीवर ही रांग लावली तेव्हा उमगलं, की 2008 मध्ये टेबलाशी बसलेल्या माणसासमोर समुद्राचा इशारा हा अनेकांतला एक कागद होता. मला तो ठळक दिसत होता, कारण मला उत्तर आधीच माहीत होतं. नवख्या अभ्यासकाने हा प्रयोग स्वतःच्या हाताने करावा. संगणकावर केला तर तो अंगात भिनत नाही.

तरीही या गर्दीचं कारण पुढे करून कुणाला सुटता येत नाही. समुद्राचा रस्ता नवा नव्हता. 1993 च्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स रायगडच्या शेखाडीलाच उतरलं होतं. म्हणजे 15 वर्षं आपल्याला किनारा उघडा असल्याचं ठाऊक होतं. मी बधवार पार्कजवळच्या मच्छीमार नगरात गेले होते, जिथे त्या रात्री हल्लेखोर रबरी बोटीतून उतरले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलंही होतं. जाळं शिवत बसलेल्या एका काकांना मी विचारलं, अनोळखी बोट ओळखायची कशी? त्यांनी समोरच्या होड्यांकडे हात केला. "बाय, बोट आपलीच असंल तर कशी ओळखशील?" हल्लेखोर ज्यातून मुंबईजवळ आले तो 'कुबेर' हा पोरबंदरचा मासेमारी ट्रॉलर. अपहरण झालेला, पण आपलाच. हल्ल्याच्या काही दिवस आधी लष्कर-ए-तोयबाच्या बोटीचा सुगावा लागला होता आणि शोधही झाला होता, असं पुढे छापून आलं. शोधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर परकी बोट होती. ज्याची कल्पना केलेली नाही ते समोर आलं तरी दिसत नाही, हे मला कुठल्याही वर्गात इतकं स्वच्छ कळलं नव्हतं.

ताजचं प्रकरण मला सगळ्यात जास्त लागतं. हॉटेलला इशारा मिळाला होता आणि काही काळ बंदोबस्त वाढवलाही होता, हे रतन टाटांनी हल्ल्यानंतर मुलाखतीत सांगितलं. हल्ल्याच्या वेळी तो सैल झालेला होता. सप्टेंबरमध्ये इस्लामाबादचं मॅरियट हॉटेल स्फोटाने उडवलं गेलं होतं, भीती ताजी होती. पण इशाऱ्यावर मुदत नसते. बंद दरवाजा रोज पैसे खातो, पाहुणे कुरकुरतात, आणि आठ आठवडे काही घडलं नाही की तो उघडायचा निर्णय शहाणपणाचाच वाटतो. दार उघडणाऱ्याला दोष देण्याआधी, ते किती दिवस बंद ठेवायचं हे त्याला कुणी सांगितलं होतं का, ते विचारा.

प्रधान समितीने राज्य पातळीवर इशारे हाताळण्यात गोंधळ असल्याचं म्हटलं. हा गोंधळ मला नोकरीत लागल्यावर कळला, तोही माझ्याच हातून. पहिल्या वर्षी एका कार्यालयासाठी मी इशारा लिहिला. भाषा सुबक होती, शेवटी 'माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव'. तो पाच जणांना गेला. पाचही जणांनी वाचला आणि दुसरा कुणीतरी करील असं समजून बाजूला ठेवला. सुदैवाने काही घडलं नाही. चौकशी करायला मी फाटकावरच्या रखवालदारदादांकडे गेले, तेव्हा ते कळवळून म्हणाले, "मॅडम, सावध राहा म्हणता, पण म्हणजे मी नक्की काय करू?"

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक इशाऱ्याखाली चार रकाने असतात: कोणी, काय, कधीपर्यंत, उत्तर आलं का. चौथा भरेपर्यंत कागद माझ्या टेबलावरून हलत नाही. उत्तर नाही आलं तर फोन करते, आणि त्याबद्दल लोक चिडले तरी चालतं.

परीक्षांबद्दल थोडक्यात. केंद्राच्या गुप्तचर विभागाची (आयबी) एसीआयओ, म्हणजे सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी पदाची भरती आणि राज्य गुप्तवार्ता विभागाची भरती, दोन्हींच्या जाहिराती पाहत राहा. अभ्यासासाठी मल्टी एजन्सी सेंटर, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रणांची गुप्त माहिती एकत्र आणणारं केंद्र, समजून घ्या. ते कारगिलनंतर, 2001 मध्ये उभं राहिलं, पण त्याला खरं बळ मिळालं ते 31 डिसेंबर 2008 च्या आदेशाने. मधली सात वर्षं ते असूनही काय कमी पडलं, हा प्रबंधाला उत्तम विषय आहे. इंग्रजीइतकंच मराठी लेखन कसून करा. ठाण्यातला हवालदार तुमचा कागद मराठीत वाचणार आहे.

आणि लिहायला बसताना गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीतले तुकाराम ओंबळे समोर आणा. त्यांच्या हातात लाठी होती. दोन वर्षांच्या 26 कागदांमधलं त्यांच्यापर्यंत काय पोचलं होतं, हा प्रश्न माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या पानावर आहे. त्याच्यापुढचा रकाना मला भरता आलेला नाही.